कुठचे देशमुख?

आमच्या गल्लीत अकरा घरं, त्यातले सात देशमुख. कुरिअरवाला गेटपाशी उभा राहून डोकं खाजवते. परवा कोणाच्या तरी सुनेची साडी माह्या घरी येऊन पडली, अन् माह्या गुडघ्याचा पट्टा तिसऱ्या घरी जाऊन बसला. मी माहेरची दर्यापूरकडची देशमुख, सासरची बी देशमुख. लग्नात आडनावाले हात लावायचं कामच नाही पडलं.

आता देशमुख म्हंजे काही कुळाचं नाव नोहे. जुन्या काळी परगण्याचा जो मुख्य राहे, शेतसारा गोळा करे, गावोगावचे भांडणं तोडे, तो देशमुख. हुद्दा होता तो. हुद्दा गेला, सारा गेला, गढ्यायची माती झाली, आडनाव तेवढं राहिलं अन् वाढतच गेलं. म्हणून आमच्यात सोयरिकीची गोष्ट निघाली का पहिला प्रश्न एकच: कुठचे देशमुख? गढी वेगळी असली तर देशमुखाची पोरगी देशमुखाले चालते. एकाच गढीतले निघाले तर भाऊकी, म्हंजे पोट्टे बहीण-भाऊ. मंग चहा प्या अन् घरी जा.

आमचे हे, पंजाबराव, जिल्हा परिषदेतून रिटायर होऊन सोळा वर्षं झाले. ह्या प्रश्नाचं उत्तर यायच्या जिभेवरच ठेवलेलं. "सावरगाव गढीचे. तेल्हाऱ्याजवळचं सावरगाव." कोणी विचारो नाहीतर न विचारो. न्हाव्याले सांगतलं, भाजीवालीले सांगतलं. एकडाव बसमध्ये शेजारच्याले गढीचं वर्णन सांगता सांगता उतरायचं बडनेऱ्याले ते मूर्तिजापूरले पोचले. मी ऐकत राहो अन् भाजी चिरत राहो.

आमच्या पोराची, श्यामची पोरगी प्राजक्ता अकोल्याले माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीले आहे. दिवाळीत आली अन् माह्या कानाशी लागली. "आजी, विपुल म्हणून आहे एक. माझ्यासोबतच काम करतो. आडनाव देशमुखच आहे, आजोबा खूश होतील बघ."

खूश? हे तर अंगणात फेऱ्या मारू लागले. श्यामले म्हणाले, तू मधात पडू नको, मोठ्यायचं काम मोठ्यायनं करावं. विपुलच्या आजोबाले, शालिकरामभाऊले, सवताच फोन लावला. स्पीकर चालू, आवाज असा का साताही देशमुखायले ऐकू जावा.

"आमी सावरगाव गढीचे जी!"

तिकडून शालिकरामभाऊ हळूच म्हणाले, "काय म्हणता? गढीचे त आमी हाओत. म्हंजे तुमी आमची भाऊकीच झाले. मंग ही सोयरीक कशी होईन पंजाबराव?"

यायचं तोंड पांढरं फटक पडलं. "हो... बरोबर हाये," म्हणाले अन् फोन ठेवला. मी पाहतच राहिली. अरे बाप्पा, एक शब्द तर बोला! नाही बोलले. टोपी डोक्यावर घातली अन् विनाकारण बाजारात निघून गेले.

प्राजक्ता त्यानंतरच्या शनिवारी आली. पोरगी रडली असती तर मले बरं वाटलं असतं. रडली नाही. पिठलं-भाकर समोर ठेवली तर एक तुकडा मोडून ताटातच फिरवत राहिली. "आजी, विपुल म्हणतो घरचे ऐकत नाहीत. त्याच्या आजोबांच्या शब्दाबाहेर तो जाणार नाही. मी काय करू?" असं म्हणून तिनं माह्याकडं पाहिलं. मी नजर चुकवून तिच्या ताटात अजून पिठलं वाढलं. कारण ह्या घरात एकच माणूस असा होता ज्याले माहीत होतं का ते दोघं बहीण-भाऊ नाहीत, अन् तो माणूस म्हंजे मी. निदान मले तसं वाटे.

माह्या लग्नाले तिसरं वर्ष होतं तवाची गोष्ट. यायची बदली धारणीले झाली होती, पंधरा-पंधरा दिवस इकडं येणं नाही होये. अमरावतीत मी, सासरे अन् माह्या सासूबाई, चंद्रभागाबाई. काय बाई होती! नऊवारीचा काष्टा असा कसून मारे का वाटे आता कुस्तीलेच निघाली. पुरण वाटाले बसली का तिच्या बांगड्यायचा आवाज मोरीपर्यंत ऐकू येये. अजूनही पुरण शिजलं का मले तिचीच आठवण येते, अन् आली का जीव भरून येते.

तर त्या दिवशी पोळा. मातीच्या बैलांची पूजा मांडलेली, चुलीवर पुरण. सावरगावचा एक माणूस दवाखान्याच्या कामानं अमरावतीले आला होता, तो दारातूनच सांगून गेला का गढीवरच्या आईसाहेब काल गेल्या. सासरे पाटावरून उठले अन् मांगच्या अंगणात जाऊन बसले. मी मोठ्या घरची शहाणी सून! लगेच पुरण खाली उतरवलं, चुलीवर पाणी मारलं, बैलांवर टोपली झाकली.

सासूबाई आल्या. "चूल कावून इझवली वं?"

"आत्याबाई, सुतक आलं न. भाऊकीतलं माणूस गेलं. दहा दिवस सण कसा करता येईन?"

ती मटकन खाली बसली. पदर तोंडाले लावून खूप रडली. मंग डोळे पुसले अन् म्हणाली, "आपल्याले सुतक नाही पोरी. आपण त्यायच्या रक्ताचे नोहो. आपण ढोरे."

तुह्या सासऱ्याचा बाप गणूजी ढोरे, ती सांगू लागली, गढीवर सालदार होता. वर्षाच्या बोलीनं राबे, गोठ्यातच निजे. त्याचं पोरगं हुशार दिसलं म्हणून देशमुखानं सवता बोट धरून शाळेत नेलं. मास्तरनं आडनाव विचारलं तर देशमुख म्हणाले, माह्याच घरचा हाये, लिहा देशमुख. चांगल्या मनानं म्हणाले बिचारे. मास्तरनं लिहिलं, अन् तेच आडनाव दाखल्यावर आलं, नोकरीवर आलं, लग्नाच्या पत्रिकेवर आलं. "आईसाहेबानं मले लुगडं नेसवलं होतं लग्नात," सासूबाई म्हणाली, "अन् मले तिचं सुतक बी पाळता येत नाही." मंग तिनंच चूल पेटवली अन् पुरणपोळ्या केल्या. एक पोळी बाजूले ठेवली आईसाहेबाच्या नावानं. मले म्हणाली, "पंजाबले सांगू नोको. तो साहेब झाला आता. त्याची छाती फुटीन."

शेहेचाळीस वर्षं नाही सांगतलं. न्हाव्याले गढी सांगत तवा नाही सांगतलं, बसमध्ये सांगत तवा नाही सांगतलं. कितीदा वाटलं, आता फेकावं तोंडावर! पण सासूबाईचा चेहरा समोर येये अन् मी गप बसो. आता मात्र पोरगी तुकडा फिरवत बसली होती. मेलेल्या माणसाचा शब्द पाळू का जित्या पोरीचं पाहू? मी मनातल्या मनात सासूबाईले हात जोडले.

रविवारी दुपारी हे अंगणात तुरीच्या उकडलेल्या शेंगा खात बसले होते. मी समोर जाऊन बसली.

"शालिकरामभाऊले फोन लावा. सांगा, आमी भाऊकी नोहो."

"कसं सांगू?"

"जसं हाये तसं. आपण ढोरे हाओ म्हणून."

यायच्या हातातली शेंग हातातच राहिली. मंग म्हणाले, "तुले कोणं सांगतलं?"

"तुमच्या मायनं. शेहेचाळीस वर्षं झाले. आईसाहेब गेल्या त्या पोळ्याले."

"शेहेचाळीस..." यायनं शेंग खाली ठेवली. "मले बाबानं नोकरी लागली तवाच सांगतलं होतं."

म्हंजे पाहा! मले भल्ला राग आला. माणसाले माहीत होतं, तरी जिथं तिथं गढी! अन् मी मूर्ख, यायची छाती फुटू नाही म्हणून अर्धा जन्म दाताखाली जीभ धरून बसली.

"मंग लपवलं कावून? अन् त्या दिवशी फोनवर कावून नाही बोलले? पोरीचं वाटोळं करता का?"

"तू बाजूले उभी होती न," हे म्हणाले.

"मी?"

"तुह्या बापानं सावरगावचे देशमुख पाहून पोरगी देली. मी लग्नाआधी सांगणार होतो, बाबानं सांगू नाही देलं. मंग तू आली. रोज मनलं, उद्या सांगू. मले वाटे, तुले समजलं तर तू कधी तरी माह्याकडं पाहशीन अन् तुले तो गोठा दिसन. म्हणून सगळ्यायले गढी सांगे. लोकायसाठी नाही सांगे वं. तू ऐकावं म्हणून सांगे."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, शेंगाच्या टरफलात बोटं घालून खाली पाहून राहिला होता.

"पोळ्याले मले समजलं," मी म्हणाली, "तवा मले लेकरू बी नव्हतं. दर्यापूरची बस घराहूनच जाये. जायचं असतं तर गेली नसती? श्याम त्याच्यानंतर झाला. मोनाली त्याच्यानंतर झाली. ढोऱ्याच्या घरी हाओ हे माहीत असूनच राहिली न मी! तुमाले कोणं सांगतलं होतं का मी आडनावासोबत संसार करून राहिली म्हणून?"

यायनं डोळे पुसले. मी बी पुसले, खोटं कावून सांगू.

मंग यायनं सवताच फोन उचलला. ह्यावेळी स्पीकर लावला तो माह्यासाठी, अन् आवाज एवढा हळू का मलेच पुढं सरकून ऐका लागलं.

"शालिकरामभाऊ, मी खोटं बोललो होतो. आमी गढीचे देशमुख नोहो. माहे आजोबा तुमच्या गढीवर सालदार होते. गणूजी ढोरे."

तिकडं कोणाचा तरी टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"गणूजीचे नातू?" शालिकरामभाऊ म्हणाले. "अन् इतके वर्षं गावात नाही आले? माही आजी, आईसाहेब, शेवटच्या दिवसापर्यंत विचारे, गणूचं पोरगं शिकून मोठं झालं म्हणतेत, मंग मले भेटाले कावून येत नाही? तिले वाटे, तिचंच काही चुकलं."

यायनं फोन माह्या हातात देला. मी म्हणाली, "भाऊ, आमचं चुकलं. लाज आडवी आली. पण पोरीचं काय करता ते सांगा."

"पोरीचं काय करायचं? भाऊकी नोहो म्हणता, मंग अडचण कोणती? येत्या रविवारी या सगळे. सावरगावलेच या, आमच्या अकोल्याच्या घरी नोको. म्हातारे माणसं हायेत अजून दोन-चार, गणूजीले पाह्यलेले."

मी प्राजक्ताले हाक मारली, तर ती दारामांगं उभी राहून सारं ऐकूनच राहिली होती. येऊन आजोबाच्या गळ्यात पडली. मंग ताट घेऊन बसली अन् दोन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी हे कपाटातून कोट काढून झटकत होते. झटकता झटकता थांबले.

"आशा, तिथं म्हातारे मले ढोरे म्हणून हाक मारतीन."

"मारतीन."

"मंग?"

"मंग ओ द्या," मी म्हणाली. "मी बाजूलेच उभी राहीन."