आवक तारीख

मी टायपिंग शिकवायचे. आता माझ्या इन्स्टिट्यूटच्या जागेत मोबाइलचं दुकान आहे, पण सदाशिव पेठेत तीस वर्षं मी पोरांच्या बोटांवर पट्टी मारली. बुद्धिबळाच्या स्पर्धांत पंच म्हणूनही बसायचे. ते कसं झालं तेही सांगते. वडील खेळायचे, म्हणून नियम पाठ होते. आणि स्पर्धा भरवणाऱ्या पुरुषमंडळींना रोजचे डाव टाइप करून देणारं कुणीतरी फुकटात हवं होतं. मी म्हटलं, फुकट करीन, पण पंचाच्या खुर्चीत बसून करीन. बसले. कुणाचं ऐकून न घेणारी, चूक दिसली की भल्याभल्यांना झापणारी, अशी माझी ख्याती होती. 'ललिताबाईंकडून चूक होणार नाही,' असं लोक म्हणत. मला ते ऐकायला फार आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडीपायी झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

योगेश मेश्राम माझ्याकडे आला तो शहाऐंशी साली, अठरा वर्षांचा असताना. त्याचे वडील नागोराव खडकीच्या एका सरकारी कारखान्यात टपाल शाखेत दप्तरी होते. पोराने टायपिंगची परीक्षा द्यावी आणि त्याच कारखान्यात क्लार्क व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. नाव लिहून घेताना मी पेठेच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?"

"खडकी."

"ते झालं हो. मूळचे?"

"भंडारा," तो म्हणाला. "आणि बौद्ध आहोत. तुमचा पुढचा प्रश्न वाचवला."

माझे कान तापले. पण खरं सांगू का, पोरगा मला तिथेच आवडला. मशीन रिकामं होईपर्यंत तो माझ्या वडिलांच्या पटावर बसायचा. पहिल्या आठवड्यात वडील हरले, दुसऱ्या आठवड्यात ते त्याला घोडा आणि उंट कुठे ठेवू म्हणून विचारायला लागले. मीच त्याला स्पर्धांना घेऊन जायला लागले. गाडीचं आरक्षण, अर्ज, पत्रव्यवहार, सगळं मी करायचे. मला मूलबाळ नाही, लग्नच केलं नाही. तेव्हा काय असेल ते समजा.

चौऱ्याण्णव उजाडेपर्यंत तो वडिलांच्याच कारखान्यात क्लार्क होता आणि ग्रँडमास्टर व्हायला एकच पायरी उरली होती. या किताबासाठी तीन मोठ्या स्पर्धांत ठरलेली कामगिरी करावी लागते. तिला नॉर्म म्हणतात. योगेशचे दोन झाले होते. तिसऱ्यासाठी आम्ही पुण्यातच स्पर्धा भरवली, दहा खेळाडूंची, डिसेंबरात. मुख्य पंच मी. नॉर्म ग्राह्य धरायला एक अट असते: समोरच्या खेळाडूंत आपला देश सोडून निदान दोन देशांची माणसं हवीत. एका देशाची कितीही आणलीत तरी चालत नाही.

रशिया तेव्हा नुकता फुटला होता. तिकडचे खेळाडू स्वस्तात यायचे, लॉजवर राहायचे आणि हॉलच्या व्हरांड्यात लाकडी घड्याळं, दुर्बिणी विकायचे. आम्ही चौघांना बोलावलं. चौघांच्या हातात तोच जुना लाल पासपोर्ट, देशाचं नाव जगातूनच गेलेलं. तिघांनी सांगितलं, उझबेकिस्तान. चौथा अखमेतोव, साठीचा, इंग्रजीचे चार शब्द येणारा. मी त्याला आपल्या सवयीने विचारलं, "नेटिव्ह प्लेस?"

"अल्मा-अता," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

मी टाइप केलं: कझाकस्तान. तो माणूस तीस वर्षं ताश्कंदला राहत होता आणि खेळतही उझबेकिस्तानकडूनच होता. कोण कुठल्या देशाकडून खेळतो त्याची छापील यादी माझ्या टेबलाच्या खणात होती. बघितली असती तर दोन मिनिटांचं काम. पण पेठेतल्या बाईला माणसाचं मूळ गाव कळलं की तिला सगळं कळलेलं असतं! मी यादी उघडली नाही.

शेवटच्या फेरीत योगेशला बरोबरी पुरेशी होती. समोर उझबेकिस्तानचा तरणाबांड गडी. साडेपाच तास डाव चालला. शेवटी योगेशचा हत्ती आणि एक प्यादं, समोर हत्ती आणि दोन प्यादी. योगेशने लिहिलेल्या चाली आता मला वाचता येईनात. नागोराव कारखान्याच्या खाकी कपड्यांतच मागे भिंतीला टेकून उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. अखेर दोघांनी हात मिळवले, तशी ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, वाचला का जी?"

"वाचला. ग्रँडमास्टर झाला तुमचा मुलगा," मी म्हटलं. ते तिथेच खाली बसले आणि रडायला लागले.

मग काय विचारता! पेपरात फोटो, सत्कार, हार. बाणेर रस्त्याला नव्याने निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला जाहिरातीसाठी ग्रँडमास्टर हवा होता. हजेरी नाही, परदेशच्या स्पर्धांचा खर्च कंपनीचा, एक एप्रिलपासून रुजू. अट एकच, किताब. योगेशने डिसेंबर अखेरीस कारखान्यात राजीनामा दिला, तीन महिन्यांच्या मुदतीचा. नागोरावांना ते पसंत नव्हतं. सरकारी नोकरी सोडतं का कुणी, म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. मग तेही मऊ झाले.

नऊ जानेवारीला मला परदेशातून, जागतिक बुद्धिबळ संघटनेचं पत्र आलं. अखमेतोव उझबेकिस्तानचा खेळाडू आहे, चौघेही एकाच देशाचे, सबब स्पर्धेत नॉर्म होऊ शकत नाही. चार ओळी. मी त्या उभ्याने वाचल्या आणि खुर्ची ओढून बसले. शिकायला आलेली एक मुलगी समोर 'ए एस डी एफ' बडवत होती, तिला उगाच खेकसले.

बारा तारखेला योगेश आला. राजीनाम्याची प्रत दाखवत हसत होता. "बाबांचं आपलं रोज एकच. काही बिनसलं तर एकतीस मार्चपर्यंत परत घेता येतो म्हणतात."

"बिनसायचंय काय त्यात?" मी म्हटलं.

हे मी म्हटलं, पत्र खणात असताना. स्वतःची समजूत अशी घातली की चूक माझी आहे, तेव्हा निस्तरीनही मीच. अर्ज करीन, विनंती करीन, फेब्रुवारीत निकाल बदलून येईल, पोराला कळायचंसुद्धा नाही. चार अर्ज टाइप केले, दोन फॅक्स केले. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं, आणि संध्याकाळी म्हणायचे की उद्या उत्तर येईल. एकतीस मार्चला शुक्रवार होता. कारखान्यात योगेशला निरोपाचा नारळ दिला. मी त्या समारंभाला गेले होते आणि दोन शब्द बोललेही.

तीन एप्रिलला शेवटचा नकार आला. त्या संध्याकाळी मी योगेशला बोलावून जानेवारीचं पत्र दिलं. वर पाठवणाऱ्याची तारीख होती, अठ्ठावीस डिसेंबर. "पोस्टात अडकलं होतं वाटतं," मी म्हटलं. "आजच आलं." अखमेतोवचा घोळ मात्र कबूल केला. त्याने पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, "असू दे बाई. माणसाकडून चूक होते. पुन्हा करू नॉर्म." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघे आले. कारखान्यातला अधिकारी भला माणूस निघाला होता. त्याने नागोरावांना वाट सांगितली होती. किताब बुडाल्याचं पत्र मुलगा नोकरीत असतानाच पुण्यात पोचलं असेल, तर राजीनाम्याचं कारण तेव्हाच संपलं होतं असं दाखवता येईल, आणि तो वर शब्द टाकेल. एकतीस मार्चनंतर आलं असेल तर मात्र त्याचे हात बांधलेले. माझ्या सहीचा दाखला हवा होता, त्यात पत्राची आवक तारीख.

नागोराव माझ्यासमोर स्टुलावर बसले. बाहेरून येणारी पत्रं पोस्टात किती दिवस पडतात, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. "पाकीट दाखवता का जी, बाई?" ते म्हणाले. "पाठीमागं पुण्याचा शिक्का राहते."

"फेकलं."

"काहून फेकलं जी? तुम्ही तर काही फेकत नाही."

पाकीट माझ्या उजव्या हाताच्या खणात होतं. नागोराव पुढे झुकले. आवाज अगदी मऊ केला. "बाई, नीट आठवून पाहा. आधी आलं असंल तर बरंच होईल ना जी. आम्ही तुम्हाला काही म्हणणार नाही. तुमचे लय उपकार आहेत. फक्त आधी आलं म्हणून लिहा."

त्यांना कळलं होतं. मला कळलं की त्यांना कळलंय. आणि तरीही त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. दोष नाही, बोभाटा नाही, नुसती एक तारीख. नऊ जानेवारी. लिहायला किती वेळ लागतो? मिनिटाला पन्नास शब्द होते माझे!

पण मग दाखला कारखान्यात जाणार, तिथून प्रश्न येणार, की पत्र जानेवारीत आलं तर बाई तीन महिने गप्प का? संघटनेत कळणार, पेठेत कळणार. 'ललिताबाईंकडून' म्हणून लोक दात काढणार.

तेवढ्यात योगेशच उसळला. "बाबा, काय बोलताय? बाईंना खोटं लिहायला सांगता? ज्यांनी मला घडवलं, त्यांना तुम्ही खोटारडं ठरवायला निघालात?"

"योगेश, तू थांब ना—"

"नाही! माझी नोकरी गेली तरी चालेल. बाई, तुम्ही खरं तेच लिहा."

मी मशीनवर कागद चढवला. योगेश शेजारी उभा राहून सांगत गेला आणि मी टाइप करत गेले. 'सदर पत्र दिनांक ३ एप्रिल १९९५ रोजी प्राप्त झाले व त्याच दिवशी श्री. मेश्राम यांस कळविण्यात आले.' एकही चूक नाही. खाली सही केली. नागोराव उठले, टोपी घातली, आणि माझ्याकडे न बघता जिना उतरले.

कारखान्याने नाही म्हटलं. कंपनीनेही फोन घेणं बंद केलं. योगेश चार वर्षं स्पर्धा खेळत राहिला, घासून, उपाशीतापाशी. एकदा अर्ध्या गुणाने नॉर्म हुकला. मग हुकणंही थांबलं, नुसतं हरणं उरलं. ज्याचे डाव मी नव्या पोरांना दाखवायचे, तो चाळिसाव्या चालीच्या आत मान टाकायला लागला. नव्याण्णवपासून तो एका ऑफिसात अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करतो. टायपिंग चांगलं आहे म्हणून घेतलं, असं मला मोठ्या कौतुकाने सांगायला आला होता. रविवारी कोथरूडच्या सोसायट्यांत आयटीवाल्यांच्या मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्या मुलांचे आईबाप विचारतात, "सर, तुम्ही ग्रँडमास्टर का?" तो म्हणतो, "नाही."

दर दिवाळीला माझ्याकडे यायचा. नागोराव कधीच आले नाहीत. बापलेकांचं त्या दिवसापासून फाटलं होतं. योगेशने वेगळी खोली घेतली. एकाच शहरात राहून बापाशी नऊ वर्षं बोलला नाही. गोदाबाई, त्याची आई, दोन्ही घरं करायची. एकदा रस्त्यात भेटली तर मला म्हणाली, "तुम्हीच समजवा ना जी त्याला. तुमचं ऐकते तो." मी म्हटलं, बघते.

गेल्या महिन्यात नागोराव गेले. काल दुपारी योगेश वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचं सांगायला आला. छत्तीस वर्षांचा माणूस, केस पांढरे झालेले. पाणी प्यायला आणि बोलायला लागला.

"शेवटच्या आठवड्यात आई बळंच घेऊन गेली मला दवाखान्यात. बाबांना बोलवत नव्हतं. तरी माझा हात धरून तेच. 'बाळा, पत्र आधी आलं होतं.' मी हात सोडवून घेतला, बाई. म्हटलं, मरताना तरी बाईंवर आळ घेऊ नका. आणि बाहेर येऊन बसलो. ते गेले तेव्हा मी बाहेरच होतो." त्याने डोळे पुसले. "माझं चुकलं का हो? पण खोट्याला हो कसं म्हणायचं?"

मला राहवेना. नऊ वर्षं आत कुजत होतं ते एकदम वर आलं. मी म्हटलं, "योगेश, नऊ जानेवारीला आलं पत्र. तुझे वडील खरं बोलत होते. पाकीट माझ्याकडे होतं, मी घाबरले." सगळं सांगितलं, मार्चमधल्या रोजच्या सकाळींसकट. रडलेही. आणि लाज वाटते सांगायला, पण सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं.

तो ओरडला नाही. खुर्चीच्या दांड्याला धरून उठला, चपला घातल्या, मग काढून पुन्हा घातल्या, कारण उलटसुलट झाल्या होत्या. दारात थांबला.

"बाई," तो म्हणाला, "बाबा असताना सांगायचं होतंत. नाहीतर मग सांगायचंच नव्हतं."