राखाडी चौकट

हैफातल्या काही दवाखान्यांसाठी हेदवानं एक प्रोग्राम लिहिला होता. रुग्णाच्या फॉर्मवर चौतीस चेकबॉक्स: दमा, मधुमेह, पेनिसिलिनची अॅलर्जी असे. असेल तर खूण करायची, नसेल तर चौकट रिकामी. १९९७चा उन्हाळा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूसाठी त्या चौकटी मजकुराच्या उजवीकडे हलवण्यातच गेला. दुसरं काही सुचायला त्राण उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये मलकामावशीचा फोन आला. ती त्यातल्याच एका दवाखान्यात नर्स होती.

"हेदवा, मेइर म्हणून म्हातारा आहे, त्याला पेनिसिलिन दिलं नि गळा सुजला गो. वाचला. पण चौकशी लागलीय. म्हणतात, अॅलर्जी नाही असं तूच लिहिलंस."

"तू त्याला विचारलं होतंस?"

"नाय विचारलं. बाहेर वीस माणसं ताटकळलेली. पण 'नाही' असं मी कुठं लिहिलं? मी काहीच लिहिलं नाही."

फोन ठेवून हेदवानं प्रोग्राम उघडून पाहिला. विचारलंच नाही, तरी प्रोग्राम 'नाही' नोंदवत होता. ते तिनंच तसं ठेवलं होतं.

"चेकबॉक्सला तिसरी अवस्था असते, राखाडी," तिनं साहेबांना, एरेझना सांगितलं. "न विचारलेल्यासाठी ती ठेवायला हवी होती."

"पुढच्या आवृत्तीत टाक. चौकशीला मात्र लेखी काही देऊ नकोस."

वाद घालायचं बळ तिच्यात नव्हतं. जागेवर येऊन तिनं चौकशी समितीला एक पान लिहिलं, चूक आपली म्हणून सही केली आणि फॅक्स केलं.

मावशीची नोकरी वाचली. विचारलं नाही म्हणून ताकीद मात्र मिळाली. पुढचं मोठं काम एरेझनी दुसऱ्याला दिलं.

नव्या फॉर्ममध्ये सगळ्या चौकटी राखाडी उघडत. एकदा क्लिक केलं की 'हो', दोनदा केलं की 'नाही'. एकही राखाडी राहिली तर फॉर्म जतन होत नसे.

"बोटं मोडली गो माझी," महिन्याभरानं मावशी फोनवर म्हणाली. "माणसाला काही नसलं तरी साठ-सत्तर वेळा टकटक."

"पण विचारतेस ना सगळं?"

"विचारते. काल मेइरची बायको आली होती. माझं टेबल रिकामं होतं, तरी दुसरीकडे रांगेत उभी राहिली."

"शुक्रवारी सुट्टी ना, जेवायला ये, मावशी."

"नको बाय. शुक्रवारी मी नुसती झोपते."