डॉक्टर गंजचा तो भाग

जिजींच्या थोरल्याला बसायची रीत म्हणून नव्हती. वडील जाऊन पुरता महिना झाला नव्हता, तोच हा त्यांच्या खुर्चीत तंगड्या पसरून बसायचा, चहाचा कप खाली फरशीवर ठेवायचा आणि टीव्हीवर 'चुंबकवीर'चा एकच भाग उगाळत राहायचा. मध्येच थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा लावायचा. बाप होता तेव्हा त्याच्याशेजारी घटकाभर टेकला नाही, आणि आता बघा, असं जिजींच्या मनात येई आणि त्या भांडी जरा जोरातच आपटत.

"अगं, उठव त्याला तिथून," त्या सुनेला म्हणाल्या. "खुर्चीत मुळं धरतील."

"तुम्हीच सांगा जिजी. माझं ऐकलं असतं तर आणखी काय हवं होतं?" सून शेंगा सोलत म्हणाली. "उद्या ते मुलाखतवाले यायचेत ना. त्याची तयारी चाललीय."

कुणीतरी जुन्या मालिकांवर कार्यक्रम करत होतं, आणि चुंबकवीराचा मुलगा म्हणून थोरल्याला बोलायला बसवणार होतं.

चुंबकवीर म्हणजे जिजींचे मालक. निळी घट्ट विजार, लाल लंगोटी तीही विजारीवरून, आणि छातीवर पत्र्याचा भलामोठा चुंबक. विजार जिजींनीच बादलीत रंगवलेली. गुडघ्यावर तिला कायम फुगा यायचा. एका पडक्या गोदामात चित्रण चाले. चुंबकवीराने हात पुढे केला की लोखंडी भांडी उडत यायची, म्हणजे वर तुळईवर बसलेला एक जाड्या दोरे ओढायचा. एकदा जिजींचा स्वतःचा तवा उडवायला नेला आणि चेपून परत आणला. त्यावरून घरात जे रामायण झालं, ते कुठल्या भागात दाखवलं नाही एवढंच.

मुखवट्यातून त्यांचे कान तेवढे बाहेर असायचे. दुष्टाला लोळवलं की कॅमेऱ्याकडे बघून ते डाव्या कानाची पाळी दोनदा ओढत. बघणाऱ्यांना वाटे, चुंबकवीराची काही लकब असेल. ती घरात टीव्हीसमोर फतकल मारून बसलेल्या पोरासाठी खूण होती. पोरगाही तस्साच आपला कान ओढून जबाब द्यायचा.

बाहेरच्या खोलीतून थोरल्याचा आवाज आला. तो उद्याचं बोलणं घोकत होता.

"डॉक्टर गंजच्या भागापासून बाबांनी ती खूण करायचं सोडलं. मी वाट बघत बसलो होतो. लोक त्यांना ओळखायला लागले, मग घरच्या पोराची काय गरज? आमच्यात जे अंतर पडलं, ते तिथून."

जिजींच्या हातातलं फडकं थांबलं.

त्या भागाच्या आधीची एक संध्याकाळ त्यांना लख्ख आठवत होती. त्या चुलीपुढेच होत्या. पोरगा शाळेतून आला तो खिसा फाटलेला, कान लालबुंद. वर्गातल्या टोळक्याने आळीपाळीने त्याचे कान पिळले होते. तो दप्तर फेकून बापासमोर उभा राहिला. "ते कान ओढणं बंद करा तुमचं. मला नको. मी तुमचा मुलगा आहे हे कुणाला कळायलाच नको." आणि मालक, ज्यांना कुठल्याही गोष्टीवर विनोद सुचायचा, ते नुसतं "बरं" म्हणाले.

पुढे टीव्हीवर खूण दिसेना म्हणून पोरगा फुरंगटून हिंडू लागला, तेव्हा जिजी त्याला चार शब्द सुनवायला निघाल्या होत्या. मालकांनी अडवलं. "लहान आहे. बोलून गेला, विसरला. त्याला आठवण देऊ नकोस, उगाच मनाला लावून घेईल. मला शब्द दे." जिजींनी शब्द दिला. दिलेला शब्द त्या कधी मोडत नसत, तो त्यांचा तोरा होता. पोरगा मोठा झाला, बापाशी कामापुरतं बोलू लागला, सणकीत घर सोडून गेला, परत आला, तरी जिजींनी ओठ उघडले नाहीत. आज मात्र उभ्या जगापुढे त्या माणसाच्या कपाळी निष्ठुर बाप असा शिक्का बसणार होता, आणि तो जवळच्याच हाताने.

त्या फडकं खांद्यावर टाकून बाहेर आल्या.

"लाव परत. मला बघायचंय."

"तुम्ही तर कधी बघत नाही, जिजी."

"लाव म्हटलं ना."

डॉक्टर गंज पिंपातून बाहेर आला, अंगावर वाळलेल्या चिखलाचे पोपडे. त्याने फुंकर मारली आणि चुंबकवीराचा चुंबक तांबडा झाला. धडपड, कोलांट्या, मागची भिंत हलली. शेवटी गंज तेलाच्या हौदात पडला. चुंबकवीर वळला. त्याचा डावा हात खांद्यापर्यंत आला, अडला, बोटं मिटली, आणि हात मुखवट्याची नाडी चाचपून खाली गेला.

"बघा," थोरला म्हणाला. "विसरले."

जिजींनी तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांनी त्यांना तो हात असा भेटत होता. मग त्या सगळं बोलल्या. खिसा, लाल कान, "मला नको", "बरं", आणि दिलेला शब्द. थोरला मध्ये एकदा "मी?" म्हणाला, तेवढंच. त्याचा हात आपोआप कानाशी गेला होता. सून दारात येऊन उभी राहिली.

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?" थोरल्याने विचारलं.

"त्यांनी नको म्हटलं म्हणून. आजही सांगितलं नसतं, पण उद्या तू त्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडणार होतास." जिजी खुर्चीच्या हाताला धरून उभ्या होत्या. "आणि ऐक आता. त्या शेंबड्या पोराला मी बोल लावत नाही. मार खाऊन आलेलं पोर, काहीही बोलेल. पण तू चांगला बाप्या झालास, मिशा फुटल्या, लग्न झालं, या घरात त्यांच्याबरोबर जेवलास, आणि एकदाही तुला विचारावंसं वाटलं नाही, 'बाबा, का हो थांबलात?' त्यांनी खरं सांगितलं नसतंच. काहीतरी चेष्टा करून टाळलं असतं. पण तू विचारलंस, एवढ्यावर तो माणूस आठवडाभर हवेत चालला असता रे."