इंद्रभानने उचललेला बेलभंडार

इंद्रभानला नको त्या जागी गाठ आली, तेव्हा ती हरभऱ्याएवढी होती. दुखत नव्हती, आणि लाजही आडवी आली. धाड गावच्या बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडून त्याने गुपचूप मलम घेतलं. पण बाजारात गुपचूप असं काही राहतं का? तो वैदू गरमीवर औषध देतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गरमी कुठल्या बायांकडून लागते हेही.

संध्याकाळपर्यंत त्याच्या बायकोच्या, चांगुणाच्या, कानावर गेलं.

"कोणापाशी गेल्ते?"

"कोणापाशीच नाही. तुह्या गळ्याची आण."

"माह्या गळ्याची नको. बेलभंडार उचला."

महादेवाच्या देवळात बेल आणि भंडारा हातात धरून शपथ घ्यायची, आणि सव्वा महिना थांबायचं. अंगावर काही वाईट उमटलं नाही तर माणूस खरा, अशी त्यांच्या गावची रीत. इंद्रभानने पाच माणसांदेखत बेलभंडार उचलला.

चांगुणा दिवस मोजू लागली. नवरा खरा ठरावा म्हणून तिने सोमवार धरले. पण महिनाभरात गाठ सुपारीएवढी झाली, आणि देवाने निकाल दिला असं तिने समजून घेतलं. अठरा वर्षांचा संसार, त्यात तिने कामापुरतं सोडून बोलणं टाकलं.

एकदा तो म्हणाला, "बुलढाण्याले डॉक्टरले दाखवून येतो."

"जा ना. म्हणजे गाठ वाढली, शपथ खोटी होती, हे साऱ्या गावाले समजन."

तो गेला नाही. वाचणाऱ्याला चांगुणाचा राग येईल, यावाच. तिला स्वतःला तो जन्मभर येणार होता.

आठ महिन्यांनी लघवी अडली, तेव्हा दोघं एसटीने बुलढाण्याला गेले. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवला, छातीचा फोटो काढला. तीन आठवड्यांनी दोघांना समोर बसवलं.

"ही गरमी नाही," डॉक्टर म्हणाले. "कुठल्या बाईकडून येणारा रोगच नाही हा. आतल्या मांसातला कॅन्सर आहे. फार दुर्मिळ. मी पहिल्यांदाच पाहतोय. कशाने होतो, कुणालाच सांगता येत नाही."

इंद्रभान ताठ बसला. "पुन्हा सांगा, डॉक्टरसाहेब. हिच्याकडं पाहून सांगा."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून पुन्हा सांगितलं. मग आवाज खाली आणला. गाठ लहान असताना कापली असती तर बहुधा वाचला असता. आता तो छातीत पसरलाय. तेवढा भाग काढून टाकला तर लघवीचा त्रास कमी होईल, एवढंच. पाच महिने, फार तर सहा.

इंद्रभानचं तिकडे लक्षच नव्हतं. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता.

"पाह्यलं? मी सांगत नव्हतो तुले?"

चांगुणाने मात्र शब्द न् शब्द ऐकला होता. तिने डॉक्टरांसमोरच त्याचे पाय धरले. "हाव. तुम्ही खरे होते. खरेच होते."

"ऊठ वं, लोक पाह्यते," तो हसत म्हणाला, आणि डॉक्टरांकडे वळला. "आता कापा काय कापाचं ते. माही काही हरकत नाही."