इस्पितळातलं ढ स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे आणि कॅन्सर या विषयात माझा बऱ्यापैकी अभ्यास आहे.

माझा जन्म सुताराकडे उरलेल्या फळ्यांतून झाला. एक पाय आखूड राहिला. म्हणून मला इस्पितळात पाठवलं; तिथे लंगडणाऱ्याला कुणी हसत नाही.

तिथल्या ताई आरोग्य-मानसशास्त्रज्ञ. कोट घालून आलेल्या रुग्णाला डॉक्टर चित्र काढून आजार समजावतात आणि झिजलेल्या चपलांनी आलेल्याला नुसतं "समजलं ना?" विचारतात, हे त्यांनी हेरलं होतं. या भेदभावावरच त्यांचं संशोधन चाले. पंचाईत एवढीच, की "समजलं ना?" म्हटलं की सगळेच "हो" म्हणत.

एकदा गाठीवर उपचार घेणाऱ्या एक इस्त्रीवाल्या मावशीही डॉक्टरांना "हो" म्हणून उठल्या, तेव्हा ताईंनी त्यांना थांबवलं.

"मावशी, हे स्टूल जरा ढ आहे. डॉक्टरांचं याच्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही सांगता का?"

"याला?" मावशींनी मला खालीवर न्याहाळलं. "हे बघ बाळा, आधी नीट उभा राहा. मला गाठ होती. सलाइनमधून औषध दिलं. आता गाठ हाताला लागत नाही. म्हणजे संपलं. आता मी काही यायची नाही. शिरलं का?"

डॉक्टरांचं पेन खाली पडलं. "अहो, निम्मं औषध बाकी आहे! गाठ लागली नाही तरी बारीक पेशी उरतात, त्या पुन्हा वाढतील!"

"मग हे आधी नाही का सांगायचं? आणि मला काय सांगता, त्याला सांगा. पोराला चुकीचं शिकवून बसले ना मी!"

डॉक्टर माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी चित्र काढून मला सगळं समजावलं. मावशी वाकून बघत होत्या. पुढे त्यांनी औषध पुरं केलं.

ताईंची ही पद्धत नावाजली गेली. एका परिषदेत पडद्यावर माझा फोटो झळकला, टाळ्या पडल्या. नम्रपणे उठून उभं राहावं असं फार वाटलं. पण स्टूल आधीच उभं असतं.

मग गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. डोक्यावर बादली. तिला मी केमोथेरपी समजावली. ती "हो" म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही.

एके दिवशी मावशी तपासणीला आल्या, अगदी ठणठणीत. "माझं पोरगं कुठाय?" म्हणत त्यांनी मला शोधून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं.

"सांग बघू, औषध कधी थांबवायचं?"



"डॉक्टर म्हणतील तेव्हा," त्याच म्हणाल्या, "आणि त्यांनी नीट समजावल्यावर."

मित्रांनो, जुन्या लाकडाला ओल्या फडक्याने पुसू नका. आणि कुणी घाईघाईने "हो" म्हणालं, तर त्याच्याजवळ जरा बसा. बसायला मी आहेच.