वन्संच्या गाऊनची पट्टी

पाठीवरच्या पंपात सोळा लिटर मावतं. म्हणजे सोळा किलो पाणी, पंपाचे स्वतःचे चार-पाच आणि वर मुकादमाची नजर. ही तिसरी गोष्ट काट्यावर येत नाही, पण खांद्याला बरोबर कळते.

मी गुलाबांच्या काचघरात फवारणी करते. बावीस ओळी. पानांवर भुरी आली की एक औषध, लाल कोळी आला की दुसरं. डाव्या हाताने दांडा खाली-वर मारायचा, उजव्या हातात नळी, तोंडाला मास्क, आणि आत असा उकाडा की भाताचा कुकर बरा. चौदा वर्षं हे निभावलं. पंधराव्या वर्षी माझ्या कमरेने परस्पर राजीनामा दिला, मी दिलेला नसताना. एका सकाळी नवव्या ओळीत मी पंपासकट खाली बसले ती बसलेच. दोघींनी काखेत हात घालून उठवलं.

"ताई," मुकादम म्हणाला, "आणखी एकदा ओळीत बसलात तर मी तुम्हाला कायमचंच बसवीन. घरी."

माणूस वाईट नाही, पण बोलतो ते करतो. आणि मला घरी बसायचं नव्हतं. नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा येणार. घरात मी आणि माझी नणंद, वन्सं. आम्हा दोघींचं गूळपीठ आहे ते दिवसभर एकमेकींच्या समोर नसतो म्हणून, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

फवारणीच्या आम्ही आठ जणी. शेडमध्ये भिंतीला आठ हुक, आठ पंप, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. माझा सहा. पंपाचे पट्टे नायलॉनचे, खांद्यात सुरीसारखे रुततात, म्हणून सगळ्याजणी त्यांना जुनं कापड गुंडाळतात. त्याचा एक नियम आहे, तो मला पहिल्याच दिवशी चार नंबरवालीने सांगितला होता. तिला सगळे थोरली म्हणतात, कारण तिच्या आधीचं काचघर कुणीच पाहिलेलं नाही.

"पंप जमिनीवरून उचलू नकोस," तेव्हा ती म्हणाली होती. "बाकावर ठेव, पाठ लाव आणि गुडघ्यांनी उठ. पट्टे ओढून घट्ट कर, पंप पाठीला चिकटला पाहिजे. लोंबता ठेवलास तर तो तुला मागे खेचत राहील. टाकी अर्धी भर. दोन ओळी झाल्या की पाच मिनिटं उतरव. आणि पट्टीला कापड आपल्याच अंगावरचं घे. दुसऱ्या कुणाचं नको."

यातलं जवळजवळ काहीच मी ऐकलं नाही. अर्धी टाकी म्हणजे भरायला दुप्पट फेऱ्या, आणि मुकादम फेऱ्या मोजतो. कापड आजवर माझ्याच जुन्या साडीचं होतं, पण ते हाताशी होतं म्हणून; नियमाचं मला वाटलं, औषध मुरलेलं कापड दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून असेल. शिवाय थोरली स्वतः यातलं काही पाळत नव्हती. साठी उलटलेली, अंगाने वाळकी काडी, पण टाकी गळ्यापर्यंत भरायची, एका हाताने उचलायची आणि बारा वाजायच्या आत बावीस ओळी संपवून नखं कापत बसायची. तिच्या पट्ट्यांवर पिवळ्या फुलांचं कापड होतं. थोरली जन्मभर राखाडी रंगाशिवाय काही ल्यालेली नाही, हे मला रोज दिसत होतं आणि कधी दिसलं नव्हतं. हुकाला टांगलेला असतानासुद्धा तिच्या पंपाचे पट्टे ताणलेले असायचे, खांद्यावर असल्यासारखे. मी म्हणायची, नायलॉन आखडलं असेल.

तर मुकादमाने दम दिला त्या संध्याकाळी मी पट्टीसाठी मऊ कापड शोधायला लागले. आमच्या दोन खोल्या एका चांभाराच्या दुकानावर आहेत. खिडकीशी वन्संचं शिलाई मशीन. त्यांचा निळ्या चौकटींचा सुती गाऊन धुऊन धुऊन सायीसारखा झाला होता आणि त्या दिवशी पाठीत टरकला.

"फरशी पुसायला घे," वन्सं म्हणाल्या.

"फरशीला कशाला? मी खांद्यावर घेऊन मिरवते."

"मिरव बाई. माझ्या भावाला डोक्यावर बसवलंस, मला निदान खांद्यावर तरी."

दोन लांब पट्ट्या फाडल्या आणि दुसऱ्या दिवशी पंपाला गुंडाळल्या.

पंप पाठीवर घेतला आणि मी तोल जाऊन पुढे गेले. इतका हलका. वाटलं, भरलाच नाही. उतरवून झाकण काढलं. काठोकाठ भरलेला. पुन्हा घेतला. अगदी असं, की मागून कुणीतरी तळाला दोन्ही हात लावून उभं आहे. मी वळून पाहिलं. ओळीत कुणी नव्हतं. काचेवर वाफ धरली होती आणि गुलाब आपले माना वर करून उभे होते.

अकराव्या ओळीत मी चक्क गुणगुणत होते.

"काय ताई, रिकामा पंप घेऊन फिरता की काय?" मुकादमाने विचारलं आणि टाकी भरून मी बाकावर ठेवली तसा खात्री करायला स्वतः पट्ट्यांना धरून उचलायला गेला. टाकी जेमतेम वीतभर हलली. त्याने ती धप्पकन ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि कंबर धरून निघून गेला.

त्या दिवशी बावीस ओळी झाल्या. संध्याकाळी जिना चढून आले तर वन्सं मशीनवर डोकं टेकून बसलेल्या.

"काय हो, आज दगड शिवले का?"

"खांदे भरून आलेत," त्या म्हणाल्या. "हवा पालटली असेल."

हवा दुसऱ्या दिवशीही पालटली, तिसऱ्या दिवशीही. मी तरतरीत होत गेले आणि वन्सं वाकत गेल्या. डोळे मिटून काज करणारी बाई, तिने एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बाही उलटी लावली. डॉक्टर म्हणाला, वय झालं.

"वय काय मंगळवारपासून होतं?" वन्सं फणकारल्या, पण जिना उतरताना माझा हात सोडला नाही.

रविवारी मला सुट्टी. त्या दिवशी वन्सं ताठ. दोन सदरे शिवले, चांभाराशी भांडल्या, जिंकल्याही. मी म्हटलं, चला, उतार पडला. सोमवारी संध्याकाळी पुन्हा कमरेत वाकलेल्या. मी त्यांच्या खुर्चीला उशी लावली, मशीनची उंची बदलली. सगळं करून पाहिलं, एक सोडून.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला नेमकं सांगितलं. एरवी दुखणं सांगायचा त्यांना कमीपणा वाटतो.

"साडेआठला सुरू होतं बघ. आधी पाठीवर गार वाटतं, ओलं फडकं ठेवल्यासारखं. मग जड. आणि उठले की आत काहीतरी डुचमळतं."

"डुचमळतं?"

"अर्ध्या भरलेल्या बादलीसारखं. जेवणाच्या वेळेला थांबतं. मग परत. आणि हा हात..." त्यांनी डावा हात मांडीवरून उचलला. "हा आपला आपण खाली-वर होतो. मी दाबून धरते."

 मी मलमाची डबी आणली. "वन्सं, पाठ करा इकडे."

दोन्ही खांद्यांवरून दोन लाल पट्टे गेले होते, चार बोटं रुंद. उजव्या पट्ट्याच्या शेवटी, काखेजवळ, बारीक वळ होते. एक, दोन, तीन, आणि चौथ्याची जागा रिकामी. माझ्या पंपाच्या उजव्या बक्कलाला चार दात होते. चौथा गेल्या वर्षी तुटला.

मी मलम लावत राहिले. वळ मोजत होते ते त्यांना कळू नये म्हणून चांगलं खसाखसा लावलं. "हळू गं, कणीक मळतेस का?" असं म्हणेपर्यंत.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेले. थोरली औषध कालवत होती.

"माझ्या पट्टीचं कापड नणंदेचं आहे," मी म्हटलं.

ढवळायची काठी थांबली. "सांगितलं होतं मी तुला."

"कारण कुठे सांगितलंत?"

"कारण सांगितलं असतं तर तुमच्यातल्या निम्म्या जणींनी मुद्दाम केलं असतं."

 आदल्या रात्रभर माझ्या मनात एकच हिशेब चालला होता: वन्सं तर दिवसभर बसूनच असतात. हा हिशेब मी केला होता. लिहिताना लाज वाटते, पण केला होता.

"तुमचं कापड कुणाचं?" मी विचारलं.

"धाकट्या बहिणीचं. तिच्या परकराचं."

"ती कुठे असते?"

"गेली. सोळा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा." तिने हुकाकडे पाहिलं. पिवळी फुलं विटली होती. पट्टे ताणलेले होते. "पंप अजून हलकाच आहे."

 

"मग सोडवत का नाही तिला?"

"रोज सकाळी हात नेते. मग वाटतं, पंप जड झाला, म्हणजे ती खरंच गेली."

मी माझ्या पट्ट्या तिथल्या तिथे उलगडल्या. गाठी ओढून बसल्या होत्या, दातांनी सोडवायला गेले तर थोरली ओरडली, "औषध आहे त्याच्यावर, अक्कल गहाण टाकलीस का?" आणि तिनेच कात्री दिली. पट्ट्या पिशवीत बांधल्या. डोक्याचा माझा रुमाल सोडून पंपाच्या पट्ट्यांना गुंडाळला. टाकी अर्धी भरली. बाकावर ठेवली, पाठ लावली, पट्टे ओढले आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठले.

सगळं वजन आलं. तीन आठवडे भेटलं नव्हतं ते. खांद्यातून कमरेत उतरलं आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. माझं होतं ते.

दोन ओळी झाल्या की उतरवत होते. मुकादम आला. "ताई, अर्धीच टाकी?"

"अर्धी टाकी, पण आख्खी मी. ओळी मोजा, फेऱ्या मोजू नका."

एकोणीस ओळी झाल्या. त्याने त्या मोजल्या, दोनदा. मी कुठेही बसलेली त्याला सापडले नाही. तो 'च्' करून गेला, आणि तेवढ्यावर माझी नोकरी राहिली.

घरी वन्सं मशीनवर ताठ बसल्या होत्या आणि भडकल्या होत्या.

"आज सुट्टी होती?"

"नाही."

"मग पट्टी काढलीस?"

मी पिशवीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवसापासून. आरशात बक्कल दिसलं. ते तुटल्यावर पट्ट्याला टाके मीच घालून दिले होते ना?"

"आणि बोलला नाहीत?"

त्यांनी दोरा सुईत ओवला. एका झटक्यात. "तू जिना गुणगुणत चढायला लागलीस. तीन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. अगदीच बेसूर गातेस, पण तरी."

मग मी त्यांना चार नंबरचं सांगितलं. पिवळ्या फुलांचं. "माणूस गेल्यावरही सुटत नाही, वन्सं. तिकडे अजून कुणीतरी वाहतंय."

मशीनचं चाक त्यांनी हाताने थांबवलं. मग त्या उठल्या आणि गळ्यातली टेप काढली.

"उभी राहा. हात वर."

माझ्याच जुन्या जाड कोटाचे त्यांनी पट्टे शिवले, तळहाताएवढे रुंद, आत माझ्याच रजईचा कापूस. शिवाय कमरेला एक बेल्ट. म्हणाल्या, वजन खांद्यावर कशाला, ढुंगणावर घे, तिथे देवाने जागा दिली आहे. मी प्रत्येक शिवण उलटसुलट करून पाहिली.

"शंका घेतेस?"

"घेते."

पट्टे अप्रतिम झाले. वीस ओळी, मग एकवीस. कंबर कुरकुरायची, पण सांगितलेलं ऐकायची. पंधरा दिवसांनी एका सकाळी बाकावरून उठताना मला जाणवलं. तळाशी, उजवीकडे. फार नाही. कुणी दोन बोटं लावल्यासारखं.

मी पंप उतरवला, हात धुतले आणि कात्री घेतली. बेल्टच्या आतल्या अस्तरात, कापसाच्या खाली, अंगठ्याएवढा निळ्या चौकटींचा तुकडा होता. इतक्या बारीक टाक्यांनी शिवलेला की हात मायेचा म्हणावा की कारस्थानी, कळेना. एकेक टाका उसवला. थोरली शेजारी उभी राहून बघत होती. शेवटचा टाका सुटला तेव्हा माझ्या हातातला बेल्ट किंचित खाली आला.

संध्याकाळी मी तो तुकडा धुऊन मशीनवर ठेवला.

"कळलं वाटतं," वन्सं म्हणाल्या.

"दोन बोटं होती."

"तेवढं तरी राहू द्यायचंस गं."

"तेवढ्यानेच सुरुवात होते, वन्सं. सरका, आज भाजी मी चिरते."

दुसऱ्या दिवशी थोरलीने चार नंबर हुकावरून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाकावर ठेवला. पिवळी पट्टी तशीच होती. टाकी मात्र तिने अर्धीच भरली. मुकादमाने भुवया उडवल्या, तिने लक्ष दिलं नाही. दोन ओळी झाल्यावर ती आली, पंप उतरवून हुकाला लावला आणि घड्याळ बघत उभी राहिली.

"दमलात?" मी विचारलं.

"मी कशाची दमते?" ती म्हणाली. "तिला पाच मिनिटं."

आम्ही दोघी हुकाकडे बघत थांबलो. तिसऱ्या मिनिटाला चार नंबरचा उजवा पट्टा सैल पडला, मग डावा.