चहाच्या आत घरी

बायकोच्या, मॅविसच्या, शवपेटीत आर्नल्ड पेन्टीनं दोन वस्तू ठेवल्या होत्या. तिचा वाचायचा चष्मा आणि 'पल्याडचा काठ' हे मुलांचं पुस्तक. दोन्ही तिनंच सांगून ठेवलं होतं. त्याला त्याचा पस्तावा नव्हता. पण थंडीत घर फार शांत झालं आणि ते पुस्तक पुन्हा वाचावं असं त्याला वाटू लागलं, तेव्हा ते कुठंच मिळेना. जुन्या पुस्तकांची दुकानं त्यानं पालथी घातली. 'टिटवी' मालिकेतली बाकीची बरीच पुस्तकं ढिगानं पडलेली होती. टिटवी नावाच्या होडीतून तळ्यावर भटकणारी चार भावंडं इंग्लंडातल्या कुठल्या घरात ठाऊक नव्हती? पण हे पुस्तक कुणी पुन्हा छापलंच नव्हतं.

मग वसंतात टिटवी वाचक मंडळाचं पत्र आलं, मॅविसच्या नावानं. मालिकेतली तीन पुस्तकं आता छापली जात नव्हती. त्यांतलं एक प्रकाशक पुन्हा काढणार होता, आणि कुठलं ते मंडळानं वार्षिक सभेत ठरवायचं होतं.

मॅविस दरवर्षी या सभेला जायची, 'पल्याडचा काठ' सगळ्यांत सरस म्हणून भांडायची आणि हरून हसत घरी यायची. आर्नल्ड कधी गेला नव्हता. यंदा त्यानं कोट झटकला आणि ऑल्डरफर्डची गाडी पकडली.

सभा तिथल्या चर्चच्या मागच्या दालनात होती. अध्यक्षा रोझलिंड कॅरदर्स, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी आर्नल्डचा हात दोन्ही हातांत धरला.

"मॅविसशिवाय सभा सुनी वाटेल हो."

"तिचा ठराव मी मांडणार आहे," आर्नल्ड म्हणाला.

"अगं बाई! बोलायची सवय आहे का तुम्हाला?"

"मी दातांचा डॉक्टर होतो. चाळीस वर्षं बोललो, पण समोरच्याच्या तोंडात कापसाचे बोळे असायचे. उलट उत्तर ऐकायची सवय नाही."

रोझलिंडबाई हसल्या.

'काळ्या खडकाचा चोर' या पुस्तकाच्या बाजूनं नायजेल स्ट्रिक्लंड उभा राहिला. तो वकील, जिभेला धार. आधी त्यानं आपल्या पुस्तकातले चोर, वादळ आणि बुडालेली पेटी असं सगळं झकास रंगवलं. मग तो आर्नल्डकडे वळला.

"आता 'पल्याडचा काठ'. मुलं दुपारचं जेवून निघतात. एक चुकलेला कुत्रा तळ्यापलीकडे त्याच्या मालकाला द्यायचा असतो. आई बजावते, 'चहाच्या आत घरी या.' वल्ही मारत तळं ओलांडायचं, डोंगर चढून शेतावर जायचं, उतरायचं, परत वल्ही मारायची. आणि चहाला हजर! चारच्या ठोक्याला! मित्रहो, ही टिटवी वल्ह्यांनी नाही, पंखांनी गेली असणार."

दालनात खसखस पिकली. मागून कुणीतरी टिटवीसारखा आवाज काढला. आर्नल्डच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ही हरकत त्यानं मॅविसच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. नायजेलनं ती यंदाच शोधली होती. आणि मग एकदम त्याला हसूच फुटलं.

"काय झालं, पेन्टी?" नायजेलनं विचारलं.

"माझी भूक आठवली," आर्नल्ड उठत म्हणाला. "आमचं लग्न ठरायच्या आधीची गोष्ट. मी इकडचा, दक्षिणेतला, मॅविस उत्तरेतल्या बॅरोची. तिच्या आईनं बोलावणं धाडलं, रविवारी चहाला ये. मी चारला दारात हजर, हातात फुलं. आई दार उघडते ती हाताला पीठ. म्हणाली, 'काय रे पोरा, घड्याळ बिघडलं का तुझं?' मला बैठकीत बसवलं. पाच वाजले. चहा नाही. साडेपाच झाले. बिस्कीटसुद्धा नाही. मला वाटलं, मुलगी द्यायची नाही म्हणून उपाशी ठेवतायत. सहाच्या पुढं तिचे वडील गोदीतून आले, हात धुतले, आणि मग टेबलावर हॅम आलं, बटाटे आले, मांसाचं पॅटिस आलं. तिची आई म्हणते, 'चल बस, चहा झाला.'"

लोक मोठ्यानं हसले. पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली, "माझी सासू अस्सं बोलायची!"

"पुस्तक उत्तरेतलं आहे, लिहिणारी बाईही तिकडचीच," आर्नल्ड म्हणाला. "तिकडे चहा म्हणजे रात्रीचं जेवण. पोरांना सबंध दुपार होती, नायजेल. पंख नकोत."

नायजेलनं दोन्ही हात वर केले. "कबूल. वेळ जमली. पण वेळ जमली म्हणजे गोष्ट जमली असं नाही. घडतं काय त्यात? कुत्रा परत देतात. बस!"

तेवढ्यात रोझलिंडबाईंनी घंटी वाजवली. "आता आपला चहा. दक्षिणेतला, घाबरू नका आर्नल्ड, फक्त केक आहे."

आर्नल्ड कप घेऊन खिडकीशी उभा राहिला. म्हातारा बर्नार्ड क्वेल काठी टेकत त्याच्याजवळ आला. मंडळातला हा सगळ्यांत जुना सभासद. त्यानं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. हिरवं कापडी कव्हर आणि त्यावर होडी.

"घे."

आर्नल्डनं घेतलं. 'पल्याडचा काठ'. त्यानं पहिलं पान उघडलं आणि मिटलं.

"मॅविसनं तिचं आपल्याबरोबर नेलं ते, ठाऊक आहे मला. मला मूल ना बाळ. हे तुझं. आता कशाला जिवाचा आटापिटा करतोस? खडकाला जिंकू दे, आणि तू घरी जाऊन शांतपणे वाच."

यासाठीच तर तो आला होता. पुस्तक खिशात घालून पुढची गाडी पकडता आली असती. आर्नल्डनं कव्हरवरच्या होडीवरून अंगठा फिरवला.

"बर्नार्ड, हे मी नेलं तर ते माझ्या कपाटात मरेल. माझ्यामागून मुलगी ते खोक्यात भरेल. ज्या पोरानं मॅविसचं नावही ऐकलेलं नाही, त्याच्या हातात हे पडायला हवं. मला दुकानात दिसायला हवं हे."

"हरशील रे."

"हरेन."

त्यानं पुस्तक परत दिलं. जिवावर आलं, पण दिलं.

चहानंतर आर्नल्ड पुन्हा बोलायला उठला.

"नायजेल म्हणतो, काही घडत नाही. खरंय. चोर नाही, पेटी नाही. मोठ्या भावाचा हात वल्ह्यानं सोलवटतो, मग धाकटी नॅन वल्हवते. समोरून वारा सुटतो. अंधारून पाऊस येतो. बाकी सगळ्या पुस्तकांत मुलांना घरी जायचं नसतं. इथं त्यांना जायचं असतं. शेवटी चिंब भिजून ती दारात येतात, आणि आई काही विचारत नाही. ताटं मांडलेली असतात, ती झाकणं काढते. माझी बायको हे पान वाचताना दरवेळी थांबायची. मी विचारायचो, का थांबलीस? ती म्हणायची, ताटं बघतेय." तो सगळ्या दालनाकडे वळला. "मी आता स्वयंपाकघरात उभ्यानं खातो. मला माहीत नाही हे पुस्तक सगळ्यांत चांगलं आहे का. पण या मालिकेत वाट बघणारं माणूस एवढ्याच पुस्तकात आहे. ते छापलं जावं."

तो बसला. रोझलिंडबाईंनी मतं मागितली.

मग हात वर झाले. आधी 'काळ्या खडका'साठी, भराभर. मग 'पल्याडच्या काठा'साठी. पहिल्या रांगेतली सासूवाली बाई, बर्नार्ड, खिडकीकडची सबंध रांग. मॅविसला कधी तीन-चारच्या वर हात मिळाले नव्हते. रोझलिंडबाईंनी दोनदा मोजलं. तिसऱ्या पुस्तकाला मोजके हात पडले.

"खडक," त्या हलकेच म्हणाल्या. "थोडक्यात. आर्नल्ड, मॅविसच्या जागी आलात, आम्हाला बरं वाटलं."

आर्नल्ड उठला. "तिच्या जागी आलो ते आजपुरतं. पुढच्या वर्षीचा ठराव माझ्या नावावर लिहून घ्या. पुस्तक तेच."

"पण प्रकाशक एकच काढणार आहे!"

"मग दुसरं काढायला लावू. आज हात वर केलेल्यांनी त्याला एकेक पत्र घातलं तर त्याला वाचावं लागेल."

नायजेल जवळ आला. "पुढच्या वर्षीही मी पाडणार तुम्हाला, पेन्टी."

"पाड. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा येईन. दाढ किडलेली असली तरी एका झटक्यात निघत नाही."

दारात बर्नार्डनं पुन्हा पिशवीत हात घातला. "आता तरी नेशील?"

"नेतो. पण कायमचं द्यायचं नाही. उसनं," आर्नल्ड म्हणाला. "परत करायला मला यावं लागेल, आणि घ्यायला तुला जगावं लागेल."

"भारी अट घालतोस रे," बर्नार्ड म्हणाला, आणि त्यानं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं.